कोल्हापुरातून वनडे-टी२० क्रिकेटर व्हायचंय? सुरुवात कुठून करायची, कागद कुठले लागतात, कशाला भुलायचं नाही

ऑक्टोबर उजाडला, मैदानं वाळली की दरवर्षी तेच प्रश्न येतात. पोरगं लई भारी मारतंय, आता पुढं काय करायचं? जिल्ह्याची ट्रायल कधी असते? पुण्यात अकॅडमी लावू का? आयपीएलचा फॉर्म कुठं मिळतो? मी स्वतः जिल्ह्याकडून खेळलोय, शिवाजी युनिव्हर्सिटीकडून खेळलोय, इन्व्हिटेशन लीगसाठी पुण्याला कित्येक वर्षं ये-जा केलीय आणि आता संध्याकाळी पोरापोरींना नेट्सवर बघतो, त्यामुळं हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. आपल्या गावाला लोक फुटबॉलचं गाव म्हणतात ते खरंच आहे, पण १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ मारणारे भाऊसाहेब निंबाळकर याच कोल्हापूरचे, आणि भारताकडून टी२० खेळलेली अनुजा पाटील पण इथलीच. म्हंजे इथून वाट आहे. फक्त ती कुणी नीट सांगत नाही.

१. आधी आपण कुणाच्या हद्दीत येतो ते समजून घ्या

महाराष्ट्र राज्यात क्रिकेटच्या तीन वेगवेगळ्या संघटना आहेत, मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. तिघांच्या रणजी टीम वेगळ्या, वनडे टीम वेगळ्या. कोल्हापूर येतं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये, ज्याचं स्टेडियम पुण्याजवळ गहुंजेला आहे. गोंधळ असा होतो की मुंबईवाल्यांचं शॉर्ट नाव पण एमसीए आणि आपलं पण एमसीए, त्यामुळं व्हॉट्सअ‍ॅपवर 'एमसीए ट्रायल' असा मेसेज फिरला की लोक चौकशी न करता किटबॅग घेऊन निघतात. मेसेज आला की पहिलं बघायचं, कुठलं एमसीए? मुंबईच्या टीमसाठी तिथं राहत किंवा शिकत असल्याचे पुरावे लागतात, आपण तिथं जाऊन उपयोग नाही.

आपली शिडी अशी आहे: कोल्हापुरातला क्लब, मग कोल्हापूर डिस्ट्रिक्ट क्रिकेट असोसिएशन म्हंजे केडीसीएची जिल्हा टीम, मग त्या टीमकडून एमसीएच्या जिल्ह्या-जिल्ह्यांच्या आणि क्लबांच्या मॅचेस (ह्यालाच सगळे इन्व्हिटेशन म्हणतात), तिथं कामगिरी झाली की राज्याचं संभाव्य खेळाडूंचं कॅम्प, मग महाराष्ट्राची टीम, मग बीसीसीआयच्या स्पर्धा. इंडियापर्यंत गेलेले बहुतेक सगळे ह्याच वाटेनं गेलेत. मधली पायरी गाळून वर नेतो असं कुणी सांगितलं तर तिथंच हात जोडून निघून यायचं.

२. फाईल तयार करा, बॅट घ्यायच्या आधी

हे मी मुद्दाम वर घेतोय, कारण चांगली पोरं कागदापायी अडकलेली मी बघितलीत आणि तेव्हा आईबापांची जी धावपळ होते ती बघवत नाही.

एक प्लॅस्टिकची फाईल करा आणि त्यात हे ठेवा:

- महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, शक्यतो नवीन डिजिटल, क्यूआर कोडवाला
- आधार कार्ड
- शाळेचा किंवा कॉलेजचा बोनाफाईड आणि मागच्या तीनेक वर्षांच्या मार्कलिस्ट
- रहिवासाचा पुरावा, आणि काढलेला असेल तर डोमिसाईल
- पासपोर्ट (लगेच लागत नाही, पण वय आणि पत्ता दोन्हीला कामाला येतो, काढून ठेवा)
- पासपोर्ट साईझ फोटो डझनभर, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स
- आईवडिलांच्या आधारची झेरॉक्स, पोरगं अठराच्या आतलं असेल तर

आता ह्यातली खरी मेख जन्मदाखल्यात आहे. दाखल्यावर दोन तारखा असतात, एक जन्माची आणि एक नोंदणीची. लोक फक्त पहिली बघतात. बीसीसीआय दुसरी पण बघतं. जन्मानंतर दोन वर्षं उलटून गेल्यावर नोंद झालेली असेल तर अंडर-१९ मध्ये किती वर्षं खेळता येईल ह्यावर बंधन येऊ शकतं. खेड्यात पूर्वी नोंद उशिरा व्हायची, शाळेत घालताना गुरुजी अंदाजानं तारीख लिहायचे, त्यामुळं दाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर तिन्हीकडं तीन तारखा असतात. नावाच्या स्पेलिंगचं पण तसंच. पोरगं दहा-अकराचं असतानाच हे सगळं जुळवून घ्या, ट्रायलच्या आदल्या दिवशी तहसीलदार ऑफिसात उभं राहून काही होत नाही.

आणि कळकळीनं सांगतो, वय कमी करायच्या नादाला लागू नका. अंडर-१६ च्या मुलांची आणि अंडर-१५ च्या मुलींची हाडाची टेस्ट होते, टीडब्ल्यू-३ म्हणतात तिला, डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात आणि त्यावरून हाडाचं वय ठरवतात. त्यात मर्यादेच्या वर गेला तर त्या गटात खेळता येत नाही, वरच्या गटात खेळायचं, त्यात लाज काहीच नाही कारण काही पोरांची हाडं खरंच लवकर वाढतात. पण कागद खोटा निघाला तर दोन वर्षं बंदी. सोळा ते अठरा ही दोन वर्षं गेली की परत येणं फार अवघड. बापाच्या हट्टापायी पोराची वर्षं जाऊ देऊ नका.

अजून एक, वयोगटासाठी १ सप्टेंबर ही कट-ऑफ धरतात. आपलं पोरगं कुठल्या गटात बसतं ते ह्या तारखेवरून काढा, शाळेच्या इयत्तेवरून नको.

३. टेनिस बॉल सोडवत नाही, पण सोडायला लागतो

गांधी मैदान असो की गावाकडची यात्रेची स्पर्धा, टेनिस बॉलचा आपल्याकडं नादच खुळा आहे, रोख बक्षीस, चषक, लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री. मी त्याला वाईट म्हणत नाही, नजर बसते, हात खुलतात, दडपणाखाली मारायची सवय होते. पण टेनिस बॉलवर आडव्या बॅटनं जे सुटतं ते सीझन बॉलवर, म्हंजे मॅचच्या कडक लेदर बॉलवर, एजला लागून किपरकडं जातं, आणि टेनिस बॉल जोरात टाकायच्या नादात बॉलरच्या कोपराची सवय बिघडते ती नंतर चकिंगच्या, म्हंजे नियमाबाहेर हात वाकवून बॉल फेकल्याच्या, शंकेपर्यंत जाते. बारा-तेराव्या वर्षापर्यंत सीझन बॉलवर यायलाच पाहिजे. उशीर झाला असेल तर निदान आठवड्यातले पाच दिवस सीझन, बाकी काय खेळायचं ते खेळा.

बॉलच्या वजनाचं पण लक्षात ठेवा. पुरुषांचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१ चा, आणि तेरा वर्षांखालच्यांसाठी त्याहून हलका असतो. लहान पोराला मोठा बॉल देऊन 'मजबूत होऊ दे' म्हणणारे कोच असतात, त्यानं खांदा जातो, दुसरं काही होत नाही.

४. किट: कशावर खर्च करायचा, कशावर नाही

हेल्मेट, गार्ड आणि बूट ह्यात काटकसर नको. बॅटमध्ये चालते. सुरुवातीला दोन-तीन हजारांची काश्मीर विलो पुरते, इंग्लिश विलो दहा हजारांच्या पुढं जाते आणि ती जिल्ह्याच्या टीममध्ये आल्यावर घेतली तरी चालतं. साईझ मात्र उंचीप्रमाणं पाहिजे, 'पुढच्या वर्षी पण होईल' म्हणून मोठी बॅट घेतली की पोरगं बॉटम हँडनं ओढायला लागतं आणि ती सवय जाता जात नाही. नवीन बॅटला जवसाचं तेल पातळ लावून लाकडी हातोडीनं नॉकिंग करा, आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं, लगेच नव्या बॉलवर नेऊ नका. ऑनलाईन घेतलेल्या 'प्लेयर्स एडिशन' बॅटच्या मागं लागू नका, स्टिकरचे पैसे जातात.

५. क्लब धरा, नुसती अकॅडमी नको

राजाराम कॉलेजचं ग्राउंड, शास्त्रीनगर, मेरी वेदर, शिवाजी स्टेडियम, कुठं ना कुठं नेट्स चालू असतात, फी भरली की बॅटिंग मिळते. पण नेट म्हंजे मॅच नव्हे. जिल्ह्याच्या लीगमध्ये टीम उतरवणारा क्लब बघा, तिथं नाव नोंदवा, कारण निवड समितीला तुमचं नाव कळतं ते लीगच्या स्कोअरशीटमधून. अकॅडमी निवडताना एकच प्रश्न विचारा, सीझनमध्ये पोराला मॅचेस किती मिळतील? उत्तर गोलगोल आलं तर पुढची अकॅडमी बघा. टर्फ विकेट (मातीची खरी पिच) आहे की मॅटिंग (वर चटई अंथरलेली) ते पण बघा, नुसत्या मॅटिंगवर वाढलेल्या बॅट्समनला गहुंजेच्या टर्फवर पहिल्या चार ओव्हर काय चाललंय ते कळत नाही.

प्रत्येक मॅचच्या स्कोअरशीटचा फोटो काढून ठेवायचा. रन किती, बॉल किती, कुठल्या नंबरला आला, कुठल्या ओव्हर टाकल्या. हे का सांगतोय ते पुढच्या मुद्द्यात.

६. तुम्ही कुठल्या ओव्हरचे खेळाडू आहात?

सगळं विसरा पण हा मुद्दा विसरू नका. पन्नास ओव्हर आणि वीस ओव्हरच्या क्रिकेटमध्ये 'चांगला खेळाडू' अशी निवड फार कमी होते, एका ठराविक कामासाठी माणूस घेतात. पेठेतल्या फुटबॉल टीमला गोलकीपर पाहिजे असताना कितीही भारी फॉरवर्ड आला तरी त्याला बेंचवरच बसवतात, तसंच हे. दहा ओपनर ट्रायलला आलेले असतात आणि शेवटच्या ओव्हर टाकणारा एक पण नसतो.

आधी नियम डोक्यात बसवा. वनडेत पहिल्या दहा ओव्हर सर्कलच्या (मैदानावर आखलेल्या आतल्या गोलाच्या) बाहेर फक्त दोन फिल्डर, अकरा ते चाळीस चार, शेवटच्या दहा ओव्हर पाच. एका बॉलरला जास्तीत जास्त दहा ओव्हर. टी२० मध्ये पहिल्या सहा ओव्हर पॉवरप्ले, बाहेर दोन, नंतर पाच, आणि बॉलरला चार ओव्हर. ह्याच आकड्यांतून कामं तयार होतात.

बॅटिंगमध्ये: पॉवरप्लेमध्ये इनफिल्डच्या डोक्यावरून मारणारा ओपनर. मधल्या ओव्हरमध्ये स्पिनवर स्ट्राइक फिरवत ठेवणारा, ज्याच्या बॅटिंगला डॉट बॉल, म्हंजे रन न निघालेले बॉल, कमी असतात. आणि शेवटी येऊन पहिल्या पाच बॉलमध्येच मोठा फटका मारणारा. हे तिसरं काम सगळ्यांना आवडतं पण त्याची प्रॅक्टिस कुणी करत नाही, नेटमध्ये सगळे वीस मिनिटं सेट होऊन मग मारतात. फिनिशर व्हायचं असेल तर नेटमध्ये सहाच बॉल घ्या आणि बाहेर या, परत थोड्या वेळानं सहा. मॅचमध्ये तेवढेच मिळतात. ऋतुराज गायकवाडनं २०२२ च्या विजय हजारे क्वार्टर फायनलमध्ये यूपीविरुद्ध एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारले ते सगळ्यांनी रीलमध्ये बघितलं, पण ती ४९ वी ओव्हर होती आणि तो ओपनिंगला येऊन तिथपर्यंत टिकला होता, हे बघा. ओपनरचं काम पॉवरप्लेवर संपत नाही.

बॉलिंगमध्ये: नवा पांढरा बॉल स्विंग करणारा, मधल्या ओव्हरचा स्पिनर, आणि डेथ बॉलर, म्हंजे शेवटच्या ओव्हर टाकणारा. पांढरा बॉल पहिल्या काही ओव्हरच हलतो, नंतर सरळ जातो, त्यामुळं फक्त स्विंगवर जगणारा बॉलर वीस ओव्हरनंतर कॅप्टनला नकोसा होतो. यॉर्कर (थेट बॅट्समनच्या पायात पडणारा बॉल), एक स्लोअर वन जो अ‍ॅक्शनमधून ओळखू येत नाही, आणि वाईड यॉर्कर, एवढं आलं की तुम्ही डेथ बॉलर. विकेटवर बूट नाहीतर कोन ठेवून रोज तीस यॉर्कर टाका, किती लागले ते वहीत लिहा. आणि ओला बॉल, हे विसरू नका, संध्याकाळच्या मॅचला दव पडतं, बादलीत बॉल भिजवून टाकायची सवय करा. स्पिनरनी पण.

डावखुरा फास्ट बॉलर, रिस्ट स्पिनर, आणि बॅटिंग येणारा फास्ट बॉलर, ह्यांना नेहमीच मागणी असते. पोराचा हात डावा असेल आणि तो नुसती बॅटिंग करत असेल तर त्याच्या हातात एकदा बॉल देऊन बघा.

फिल्डिंग वेगळी सांगत नाही. एवढंच की बारावा-तेरावा माणूस निवडताना दोघं सारखे असले तर डीपमधून फ्लॅट थ्रो करणारा आत जातो.

आता स्कोअरशीटचं: सीझन संपल्यावर वही उघडा आणि बघा तुमच्या रन कुठल्या ओव्हरमध्ये आल्यात, विकेट कुठल्या ओव्हरमध्ये. तुम्ही स्वतःला ओपनर समजत असाल आणि सगळ्या चांगल्या इनिंग पाचव्या नंबरवरून आलेल्या असतील तर आकडे खरं बोलतायत. कोचशी बसून बोला, आणि पुढच्या सीझनला ते एक काम असं करा की जिल्ह्यात त्या कामासाठी तुमचंच नाव पहिलं निघालं पाहिजे.

७. पावसाळ्यात काय?

आपल्याकडं जून ते सप्टेंबर मैदानाकडं बघायला नको, आणि पुण्याची-मुंबईची पोरं इनडोअरला खेळत असतात. मग आपण हे चार महिने फिटनेसला द्यायचे. रंकाळ्याला पळा, युनिव्हर्सिटीचा चढ पळा, तालमीत जा, जोर-बैठका आणि दोरीनं कंबर-खांदा तयार होतो त्याला तोड नाही. फक्त पहिलवानासारखं अंग वाढवायचं नाही, विकेटच्या मध्ये तीन रन पळायच्यात.

यो-यो टेस्टचं नाव ऐकून पोरं घाबरतात. वीस मीटरचं अंतर जायचं-यायचं, मग दहा सेकंद विश्रांती, बीपप्रमाणं वेग वाढत जातो. इंडिया टीमसाठी आधी १६.१ ची लेव्हल धरायचे, नंतर ती वाढवली. दोन किलोमीटर पळण्याला इंडियात फास्ट बॉलरना ८ मिनिटं १५ सेकंद आणि बाकीच्यांना साडेआठ मिनिटं असं २०२१ ला ठरवलं होतं. हे आकडे घरात भिंतीवर लावा आणि दर महिन्याला मोजा.

८. ट्रायलचा दिवस

नोटीस पेपरात येते, क्लबला येते, केडीसीएकडून कळते. फॉर्मची शेवटची तारीख आठवडाभरात असते, त्यामुळं ऑगस्टपासूनच क्लबच्या सेक्रेटरींना विचारत राहा.

ट्रायलला गर्दी तुफान असते. बॅट्समनला बारा-पंधरा बॉल मिळाले तर नशीब. म्हणून:

- पांढरे कपडे, स्वच्छ. नाव आणि चेस्ट नंबर स्पष्ट.
- फॉर्मवर तुमचं काम नेमकं लिहा. 'ऑलराउंडर' सगळेच लिहितात, तुम्ही 'डावखुरा मध्यमगती, शेवटच्या ओव्हर टाकतो' असं लिहा.
- येताच नेटमध्ये घुसू नका, बाजूला थ्रोडाउन घेऊन (कुणाला तरी हातानं बॉल टाकायला सांगून) हात गरम करा.
- पहिले चार बॉल सरळ बॅटनं. निवडणारे पाय बघतात, डोकं स्थिर आहे का बघतात. सिक्स नंतर.
- बॉलरनी पहिल्या बॉलपासून पूर्ण जोर. दहा मिनिटांनी खरा स्पीड येईल म्हणून थांबलात तर तोवर तुमचा नंबर संपलेला असतो.

आणि पालकांना विनंती, नेटच्या मागं उभं राहून ओरडू नका. निवड समितीतल्या ओळखीच्या माणसाला फोन पण करू नका. पोराला कळतं ते, आणि मग निवड झाली तरी त्याचं त्यालाच खरं वाटत नाही.

९. जिल्ह्याच्या पुढं: कुठल्या स्पर्धेवर नजर ठेवायची

पुण्यातल्या मॅचेसना पहाटेची एसटी किंवा रात्रीची गाडी, स्वारगेटला उतरून पुढं गहुंजे अजून लांब आहे, आणि मॅच सकाळी लवकर सुरू होते. आदल्या दिवशी जाऊन राहा, दोन-तीन घरांनी मिळून खोली करा. रात्रभर प्रवास करून ओपनिंगला उतरलं की फरक पडतोच.

लिमिटेड ओव्हर्सच्या बीसीसीआय स्पर्धा अशा: अंडर-१९ मुलांची विनू मांकड ट्रॉफी वनडे आहे. अंडर-२३ ला पण वनडे स्पर्धा आहे. सीनियरला विजय हजारे ट्रॉफी पन्नास ओव्हरची, सय्यद मुश्ताक अली ट्रॉफी वीसची. अंडर-१६ ची विजय मर्चंट ट्रॉफी मात्र अनेक दिवसांच्या मॅचची आहे, म्हंजे सोळाव्या वर्षापर्यंत लाल बॉलवर टिकून खेळता आलंच पाहिजे, 'मी फक्त टी२० वाला' असं त्या वयात म्हणायचंच नाही. ज्याचा डिफेन्स पक्का त्यालाच पुढं मारता येतं, हे मी शंभर वेळा सांगत असतो.

१०. एमपीएल आणि आयपीएल

२०२३ पासून एमसीएची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली आणि आपल्या भागातल्या पोरांसाठी ही फार मोठी गोष्ट झाली. कोल्हापूर टस्कर्स आपल्या नावाची टीम, मॅचेस मात्र गहुंजेला होतात. नाव कोल्हापूर असलं म्हणून कोल्हापूरच्याच पोरांना घेतात असं नाही, लिलाव होतो, सगळ्या जिल्ह्यांचे खेळाडू असतात. २०२५ पासून महिलांची लीग पण आली. सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीनं २०२३ च्या एमपीएलमध्ये ५४ बॉलमध्ये ११७ मारल्या आणि त्याच मॅचमध्ये विकेट पण काढल्या, त्याच वर्षी डिसेंबरला लखनौनं आयपीएलसाठी घेतला. जिल्ह्याच्या गावातला पोरगा, पुण्या-मुंबईचा नाही.

आयपीएलचा कुठलाही फॉर्म पब्लिकसाठी नसतो. राज्य संघटनेतून नाव जातं, फ्रँचायझीचे स्काऊट मुश्ताक अली आणि राज्यांच्या लीग बघतात, त्यांना वाटलं तर ट्रायलला बोलावतात. ते बोलावणं मोफत असतं.

११. पैसे किती मिळतात

क्लब आणि जिल्हा पातळीवर उलट आपलेच जातात, बूट, बॉल, प्रवास. कमाई राज्याच्या टीमपासून सुरू होते. २०२१ ला बीसीसीआयनं ठरवलेल्या दरानं सीनियर पुरुषांना विजय हजारेच्या मॅचला अनुभवाप्रमाणं दिवसाला ४०,००० ते ६०,००० आणि मुश्ताक अलीला मॅचमागं १७,५००, प्लेइंग इलेव्हनमध्ये असाल तर. राखीवला निम्मे. अंडर-२३ ला २५,०००, अंडर-१९ ला २०,०००. सीनियर महिलांची फी डिसेंबर २०२५ मध्ये वाढवून वनडेला ५०,००० आणि टी२० ला २५,००० केली. आयपीएल लिलावात सगळ्यात खालची बेस प्राईस सध्या ३० लाख, आणि इंडियाकडून वनडेची मॅच फी ६ लाख, टी२० ची ३ लाख.

आकडे मोठे दिसतात पण सीझनमध्ये मॅचेस मोजक्या. राज्याच्या टीममध्ये एक-दोन वर्षं येऊन गेलेले कितीतरी चांगले खेळाडू आहेत. म्हणून कॉलेज सोडायचं नाही. शाळेत असताना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा खेळा, सर्टिफिकेट जपा, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळू शकतात. पुढं युनिव्हर्सिटीची टीम, मग रेल्वे आणि इतर खात्यांत खेळाडूंची भरती निघते. रेल्वेची स्वतःची टीम विजय हजारे खेळते, म्हंजे नोकरी आणि क्रिकेट दोन्ही.

१२. ह्या खड्ड्यांत पडू नका

पैसे घेऊन निवड. कुठल्यातरी लांबच्या राज्याच्या टीममध्ये बसवतो, इतके लाख द्या. २०२१ मध्ये गुरुग्राम पोलिसांनी असल्या टोळीवर केस केली होती. राज्य बदलायचे नियम आहेत, वास्तव्याचे पुरावे लागतात, खोटं निघालं तर बंदी तुमच्यावर येते, एजंटवर नाही.

मान्यता नसलेल्या लीग. जिल्हा-राज्यात नोंदणी झाल्यावर कुठल्याही खाजगी टी२० लीगला जायच्या आधी केडीसीएला विचारा. रंगीत ड्रेस, यूट्यूबवर लाईव्ह, मोठं नाव, सगळं असतं, पण बीसीसीआयची मान्यता नसेल तर कारवाई होऊ शकते.

औषधं. हा मुद्दा पालकांनी दोनदा वाचा. २०१९ मध्ये पृथ्वी शॉवर आठ महिन्यांची बंदी आली, मुश्ताक अली ट्रॉफीच्या वेळी घेतलेल्या सँपलमध्ये टर्ब्युटालीन सापडलं, जे खोकल्याच्या औषधात असतं. त्याच वर्षी ऑगस्टपासून बीसीसीआय नाडाच्या, म्हंजे देशातल्या डोपिंग तपासणाऱ्या संस्थेच्या, कक्षेत आलं. पोरगं राज्याच्या कॅम्पला निघालं की मेडिकलमधून परस्पर सिरप आणायचं बंद. डॉक्टरला 'मी खेळाडू आहे' हे आधी सांगा, नाडाचं 'नो युवर मेडिसिन' (Know Your Medicine) नावाचं अ‍ॅप आहे त्यात औषधाचं नाव टाकून बघा. जिममधल्या पावडरचे डबे तर घेऊच नका, आपल्या गंगावेशीतलं दूध बास आहे.

मेसेज करून 'उद्या टीममध्ये कोण आहे रे' विचारणारे अनोळखी. हे फॅन नसतात. उत्तर द्यायचं नाही आणि टीम मॅनेजरला त्याच दिवशी सांगायचं. गप्प बसणं हा पण गुन्हा धरतात.

१३. मुलींसाठी थोडं वेगळं

मुलींचं क्रिकेट बीसीसीआयच्या स्पर्धांत जवळजवळ सगळं लिमिटेड ओव्हर्सचंच आहे, अंडर-१५ पासून वनडे, पुढं टी२०, त्यामुळं सहाव्या मुद्द्यातलं काम ठरवणं त्यांना अजून लवकर करावं लागतं. जिल्ह्यात मुली कमी असल्यानं मॅचेस मिळत नाहीत, मग मुलांच्या टीममध्ये खेळवा, काही बिघडत नाही, उलट वेगवान बॉलिंगची सवय होते. अनुजा पाटील ऑफस्पिन टाकायची, आणि बॅटिंग पण करायची, दोन कामं येणारीला टी२० मध्ये नेहमी जागा असते. शेजारच्या सांगलीतून स्मृती मानधना गेली, आता आपल्याकडच्या पालकांना समजावायला पूर्वीसारखा वेळ लागत नाही. कपडे बदलायची सोय, परतीच्या प्रवासाला सोबत कोण, हे क्लबला आधी विचारून घ्या आणि सोय नसेल तर चार पालक मिळून मागा, एकट्यानं मागितलं की टोलवतात.

ह्या आठवड्यात करायचं असेल तर एवढं करा: जन्मदाखल्यावरची नोंदणीची तारीख बघा, आधारशी नाव जुळतंय का बघा, आणि लीग खेळणाऱ्या एका क्लबच्या सेक्रेटरींना भेटून ह्या सीझनची नोंदणी कधी सुरू होते ते विचारा. त्यांना भेटायला संध्याकाळी पाचनंतर ग्राउंडवर जा, फोन उचलतीलच असं नाही.